डावा गुडघा

कुशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पोह्यांची चौथी प्लेट मागत होता. त्याची आई मधुमती लाजून अर्धी झाली होती. मी म्हटलं, "खाऊ दे गं, अंगाला लागतंय." ते लागलं असं की सतराव्या वर्षी पोरगा दारातून आत येताना आधी खांदा यायचा आणि मग तो.

मधुमती मिरजेची. नर्स म्हणून इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आली ती इथलीच झाली. नवरा लवकर गेला. कुश एकुलता एक. अभ्यासात बेताचा, बोलण्यात लाघवी, आणि मराठीत लिंग-वचनाचा आनंदीआनंद. पण मंडळाचा गणपती मखरातून उचलायचा म्हटलं की दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. "काका, मी घेते," म्हणायचा आणि एकटा उचलायचा. एकोणिसाव्या वर्षी तो गोदीत लागला. कंटेनर पोटाशी धरून नेणाऱ्या त्या उंच पायांच्या गाड्या असतात ना, तीन मजले उंच बसून चालवायच्या, त्यातली एक त्याच्या हाती आली. आणि शनिवार-रविवारी तो अमेरिकन फुटबॉल खेळायचा. इथे सगळे ज्याला फुटबॉल म्हणतात ते नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर पॅड बांधून एकमेकांवर आदळायचं ते.

कुश पास रशर होता. समोरच्या संघात एक जण चेंडू फेकणारा असतो, त्याने तो फेकायच्या आत त्याला गाठून आडवा करायचा. मध्ये दीडशे-दीडशे किलोचे पहाड उभे असतात, त्यांना डोक्याने, खांद्याने ढकलत. एका सामन्यात तीस-चाळीस वेळा. त्यातल्या दोन वेळा जरी फेकणारा आडवा झाला तरी लोक नाव घेतात. मीही त्या दोनच वेळा मोजायचो. बाकीच्या अडतीस टकरा माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हत्या.

रकाने माझे होते म्हणून सांगतो. मी विनय, मूळचा सांगलीचा, पेशाने अकाउंटंट. आमचा क्लब एका छोट्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. लीगचा नियम असा की साऱ्या खेळाडूंचे पगार मिळून एका ठरावीक आकड्याच्या वर जाता कामा नयेत. त्याला सॅलरी कॅप म्हणतात. कोचला सगळेच हवे असतात, मालकाला सगळे स्वस्तात हवे असतात, आणि अंथरूण पाहून पाय कापायचं काम माझ्याकडे. अकरा वर्षं ते मी केलं, आणि चांगलं केलं असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. खेळाडूंशी पगाराची बोलणीही मीच करायचो. घासाघीस आमच्या रक्तात आहे, इथल्या लोकांना ती जमत नाही, असा माझा तोरा.

पास रशर महाग असतात, आणि अनुभवी पास रशर त्याहून महाग. कुशला आम्ही वर्षाला छत्तीस हजार पौंड देत होतो, त्या लीगमध्ये हा मोठा आकडा. गेल्या जानेवारीत तो छत्तीस वर्षांचा झाला. वर्षाला एक हजार, असा पाणचट विनोद मी केला होता. कोच कागद घेऊन आला. ग्लासगोहून दोन तरुण पोरं यायला तयार होती, दोघंही पास रशर, दोघं मिळून छत्तीस हजार. कुशच्या करारात अजून एक वर्ष होतं. त्याला ठेवला तर पोरं येत नाहीत. त्याला काढला तरी उरलेल्या वर्षाचा पगार कॅपमध्ये मोजला जाणार. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एक वाट होती. खेळाडू हातापायाच्या दुखापतीने हंगामभर बाद झाला तर त्याचा पगार विमा देतो आणि कॅपमधून तो वगळला जातो. त्यासाठी क्लबच्या डॉक्टरची सही लागते. कुशच्या डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली होती. गुडघा बरा होता, पण बिघडला असं कोणी म्हटलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. आणि क्लबचा डॉक्टर म्हणजे आमचा शशी.

मी गोदीबाहेरच्या कॅफेत कुशला भेटलो आणि हळूच विषय काढला. वाटलं होतं, चिडेल. उलट त्याचा चेहरा उजळला.

"Honestly, काका? मग मला पूर्ण season खेळायचं नाही?"

"नाही. पगार मिळेल, पोरंही येतील, पुढच्या वर्षी तू त्यांचा कोच. फक्त शशीकाकांसमोर गुडघा नीट दुखला पाहिजे."

"दुखेल ना. कुठे दुखते ते सांगा."

मी त्याला सांगितलं. डावा, आतल्या बाजूने, जिना उतरताना जास्त. तो मान डोलवत ऐकत होता. क्लबसाठी केवढा त्याग करतोय पोरगा, असं मला वाटलं, आणि मी त्याचं बिल भरलं.

शशी माझा तीस वर्षांचा मित्र. इमर्जन्सी विभागात कन्सल्टंट होता, आता निवृत्त. क्लबकडून पेट्रोलचे पैसे तेवढे घेतो. माणूस कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला वाटावं, गप्प होता तेच बरं होतं. शनिवारी सकाळी क्लबच्या फिजिओच्या खोलीत त्याने कुशला टेबलावर झोपवलं. कुशच म्हणाला म्हणून मीही आत थांबलो.

शशीने गुडघा वाकवला, वळवला, दाबला. "इथे?"

"हो काका. आतल्या side ला. जिना उतरताना जास्त."

अगदी माझी वाक्यं. शशीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग कुशने उठायला हात टेकला आणि त्याचा तळवा वर झाला. त्यावर बॉलपेनने इंग्रजीत लिहिलं होतं, शनिवार, दहा वाजता, शशीकाका, गुडघा. आणि खाली दोन रेघा मारून, डावा.

मला हसू फुटलं. कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा वाटला तो मला. "अरे, स्वतःचा गुडघा कुठला हे पण लिहून आणलंस?" मी म्हटलं. चोरी पकडली गेलीच होती, निदान हसून वेळ मारून नेऊ.

शशी हसला नाही. त्याने खुर्ची ओढली आणि कुशच्या समोर बसला. इंग्रजीत म्हणाला, वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे सांग. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला हे नेहमी विचारतात. कुशने ते धडाधड म्हटले, एका श्वासात, कुठेही न अडखळता.

"पाठ केलेत," शशी म्हणाला. "आता मराठीत बोलू. मी पाच शब्द सांगतो, ते लक्षात ठेव. वाटी, उशी, चप्पल, खिडकी, मीठ."

कुशने ते लगेच बरोबर म्हटले. मग शशीने त्याला त्याच्या मुलीबद्दल विचारलं, सान्वीबद्दल, ती पाच वर्षांची आहे. तिची शाळा, तिचं पोहणं. बायको तनिषाची नवी नोकरी. वार उलटे म्हणायला लावले, रविवारपासून. शनिवार, शुक्रवार इथवर आला आणि थांबला. परत रविवारपासून सुरू केलं, परत तिथेच थांबला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गुरुवार रे, गुरुवार. मंडळाच्या मराठीच्या वर्गात त्याने हे शंभरदा म्हटलं असेल.

"बरं, ते पाच शब्द?"

कुशने बोटं मोजायला घेतली. मग म्हणाला, "मीठ."

"अजून?"

"एक मिनिट, काका." त्याने तळहाताकडे पाहिलं. तिथे शब्द नव्हते. मग तो एकशे अठरा किलोचा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. "काका, गुडघा लिहा ना. प्लीज. गुडघाच लिहा."

मग सगळं बाहेर आलं. डोकं तीन वर्षांपासून दुखत होतं. सामन्यानंतर दोन-दोन दिवस उजेड सहन व्हायचा नाही. महिने त्याने घरी पाठ केले होते, तपासणीत पकडला जाऊ नये म्हणून. गेल्या महिन्यात गोदीतून घरी जाताना वळण चुकला आणि भलत्याच गावी, विंचेस्टरला पोचला. गाडी रस्त्याकडेला लावून तो रडला. तनिषाला सांगितलं, ट्रॅफिक होतं. गुडघा मोडलेला खेळाडू लंगडतो, लोक त्याला दार उघडून देतात. डोकं बिघडलेल्याला कोण कंटेनर उचलायला देणार? हंगाम चुकवायचा, गोदीतली नोकरी ठेवायची, एवढंच त्याला हवं होतं. क्लबसाठी त्याग वगैरे काही नव्हतं.

शशीने त्याला पाणी दिलं. मग जे सांगितलं ते इतक्या हळू आवाजात की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "कुश, मी गुडघा लिहिणार नाही. तुला स्पेशालिस्टकडे पाठवणार आहे. तोवर खेळ बंद आणि गाडी बंद. गोदीतली पण, घरची पण. हे तू त्यांना सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल."

"काका, ती माझा job आहे."

"माहीत आहे मला."

कुश उठला, बूट घातले, आणि आम्हा दोघांकडे न बघता गेला.

पार्किंगमध्ये मी शशीवर फाडफाड तोंड सोडलं. "तुझं काय गेलं रे? पेन्शन खातोस. त्याला पोर आहे, घराचं कर्ज आहे. गुडघा लिहून स्पेशालिस्टकडे गुपचूप पाठवता आलं नसतं?"

"आणि सोमवारी तो तीन मजले वर चढून बसला असता," शशी म्हणाला. "खाली माणसं चालतात, विनय." गाडीचं दार उघडून तो थांबला. "तू विचारलंस का कधी त्याला, की बाबा, बरा आहेस ना?"

मी म्हटलं, दर वर्षी विचारतो. ते खोटं होतं. मी दर वर्षी त्याला आकडा विचारायचो.

कुशने सोमवारी सकाळी स्वतःच गोदीत जाऊन सांगितलं. त्यांनी त्याला गाडीवरून काढून गेटवरच्या ऑफिसात बसवलं, कमी पगारावर, आणि तेही किती दिवस ते सांगितलं नाही. डोक्याचं प्रकरण विम्याच्या त्या कलमात बसत नव्हतं. विमा कंपनीची वेगळी चौकशी सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत छत्तीस हजार कॅपमध्येच राहिले. ग्लासगोची पोरं दुसऱ्या क्लबात गेली. कोच मला अजून नमस्कारापुरता ओळखतो. स्पेशालिस्टने एप्रिलमध्ये सांगितलं की मेंदूला इजा झाली आहे. ती इथेच थांबेल की वाढत जाईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

मे महिन्यात काही कागदांवर सह्या घ्यायला मी मधुमतीच्या घरी गेलो. कुश शनिवारी तिथेच असतो. मधुमतीने दार उघडलं, चहा टाकते म्हणाली. मी तिला काहीतरी बोलणार होतो, माफीसारखं. तिने हाताने थांबवलं. "मी आयुष्यभर न्यूरो वॉर्डात काम केलं विनय, आणि माझ्याच पोराचं मला दिसलं नाही. तुम्हाला काय बोलू?" ती आत गेली.

कुशने सह्या केल्या. तो बारीक झाला होता आणि त्याचा चेहरा शांत दिसत होता. शशीकाका दर आठवड्याला येतात, म्हणाला, आम्ही पत्ते खेळते. मला हे माहीत नव्हतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. न राहवून मी म्हटलं, "अरे, तीन वर्षं दुखत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"सांगितलं ना, काका. तुमच्या office मध्ये. मी म्हटलं, काका, मला वाटते आता बस, I think I'm done. तुम्ही हसले. म्हणाले, लबाडा, चल, चार हजार वाढवतो."

मला आठवलं. बत्तीसचे छत्तीस मी त्याच दिवशी केले होते. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला, शैलाला, मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की मधुमतीचा पोरगा शेवटी घासाघीस शिकला.

"मग मी विचार केला, चार हजार, सान्वी लहान होती," कुश म्हणाला. "It was a good raise, काका."

हल्ली तो बरंच विसरतो. माझं ते वाक्य मात्र त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं. मधुमतीने चहा आणून ठेवला, आणि मी तो घेतला, कारण नको म्हणायला मला तोंड नव्हतं.