लाखनीतला कोलंबिया

आमच्या कोंढा गावात बातमी फुटायला वर्तमानपत्र लागत नाही, माझे बाबा पुरतात. कोलंबियातल्या एका छोट्या शाळेने व्हिडिओवर माझी मुलाखत घेतली, इंग्रजी शिकवायला ये म्हणाले, व्हिसाची कागदपत्रं पाठवतो म्हणाले. बाबांनी हे पानठेल्यावर एकालाच सांगितलं, तेही कोणाला सांगू नको म्हणून. संध्याकाळपर्यंत गाव माझा सत्कार ठरवून मोकळं झालं होतं.

त्याआधी बरेच महिने मी अर्ज करत होते. पवनीच्या कॉन्व्हेंटात दिवसभर शिकवायचं आणि घरी येऊन मोबाइलवर परदेशातल्या नोकऱ्या शोधायच्या. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणे फार मागणी. मागणी होती, पण माझ्या पासपोर्टाला नव्हती. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या देशाचाच माणूस त्यांना हवा असायचा. शिकवता येतं का, हे कोणी विचारतच नसे. त्यामुळे पहिल्यांदा कोणी हो म्हटलं तेव्हा मीही हुरळले आणि कॉन्व्हेंटची नोकरी सोडून दिली.

सत्कार विहारात झाला. वंदना झाली, शाल झाली, भाषणं तर संपता संपेनात, शेवटी मसालेभात झाला. बसस्टँडवर माझा फ्लेक्स लागला. त्यात माझ्या डोक्यावरून विमान जात होतं आणि मागे अमेरिकेतला तो मशालवाला पुतळा होता, कारण फ्लेक्सवाल्याकडे परदेशाचं तेवढंच चित्र होतं. बाबा रोज काही ना काही निमित्त काढून स्टँडवर जाऊन यायचे. व्हिसा हातात आला का, हे मात्र कोणीच विचारलं नाही. बाजारात तुरी, ही म्हण आमच्याच गावाला बघून सुचली असावी.

मग मेल आला. शाळेच्या संचालकांनी ऐनवेळी तिथलीच एक बाई घेतली होती. मुलाखत घेणारीला वाईट वाटलं. तिच्या ओळखीच्या काही जणांना मी ऑनलाइन शिकवावं, असं तिने लिहिलं होतं. कॉन्व्हेंटात माझ्या जागी दुसरी आली होती. बाबा नुसते अंगणात बसून राहायचे, पानठेल्याकडे फिरकत नव्हते. शेवटी आईच म्हणाली, "तू लाखनीले खोली घे अन् राह्य काही दिवस. फ्लेक्स तर उतरू दे."

अशी मी गावाच्या लेखी परदेशी गेले. लाखनीत, हायवेला लागून, एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. वर्ग पहाटे असायचे, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ. एक बेकरीवाली बाई फार मन लावून शिकायची आणि रोज विचारायची, घरी सगळे कसे आहेत? मी छान म्हणायचे. ती स्क्रीनवरून गेली की दिवसभर बोलायला कोणी नाही. खाली ट्रक थांबायचे, माणसं उतरायची, चहा पिऊन निघून जायची. बाजारात जाताना मी तोंडाला ओढणी बांधायचे. आमच्याकडे उन्हात सगळ्याच मुली बांधतात, म्हणून कोणी ओळखत नसे. ओळखू नये म्हणून धडपडायचं आणि कोणी ओळखलं नाही म्हणून रडायचं, असे ते दिवस. मला फार एकटं वाटायचं. खऱ्या परदेशात निदान घर तरी लांब असतं. इथून बस बदलून दुपारच्या जेवणाला पोचता आलं असतं. धानाची रोवणी सुरू झाली तरी मी गेले नाही.

पावसात फ्लेक्स फाटला, आईने कळवलं. मी बॅग भरून ठेवली. पण ये असं बाबा म्हणेनात. ते आता पुन्हा पानठेल्यावर जाऊ लागले होते आणि तिथूनच मला फोन लावायचे, स्पीकर सुरू करून. तिकडे आता रात्र असेल ना, असं मोठ्याने विचारायचे. मी भर दुपारी हो म्हणायचे. चार माणसांत बापाची मान खाली जाऊ नये, एवढंच.

एका दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मागे कोणाचाच आवाज नव्हता.

"जवळ कोनी आहे का जी, बाबा?"

"कोनी नाही. बांधावर एकटाच बसून आहो."

मी वाट पाहिली. आता म्हणतील घरी ये, असं वाटत होतं. त्यांनी जेवली का विचारलं. जेवले म्हटलं.

"झोप मंग, बाई," ते हळूच म्हणाले. "तिकडे रात्र झाली असन."

मी हो म्हटलं.