पाणी पी, बाळा

“ये रे बाळा, पाणी पी.”

मैदानाच्या कडेला उभं राहून, निळी बाटली डोक्याच्या वर धरून सर हे असं म्हणायचे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, काय मायाळू कोच आहे. मलाही वाटलं होतं. मॅच सुरू होऊन वीस मिनिटं होत नाहीत तोवर ह्यांना पोराच्या तहानेची काळजी. मग तो पोरगा धावत बाहेर आला, पाणी प्यायला, आणि त्याच्या जागी तिशी उलटलेला, पोट सुटलेला एक गडी आत गेला. पोरगा पुन्हा आत गेलाच नाही. जायचा प्रश्नच नव्हता. फुटबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या मॅचपुरता संपला.

मी तेव्हा तिथे चौथा पंच होतो. आठवडाभर गिरगावातल्या एका शाळेत पीटी शिकवायची आणि शनिवार-रविवार परळला लीगच्या मॅचेसना जायचं, हा माझा जुना उद्योग. तीन पंच धावत शिव्या खातात, चौथा उभा राहून खातो, एवढाच फरक. त्याची कामं दोन. खेळाडू बदलायचा असला की त्याच्या नंबराची पाटी वर धरायची, आणि दोन्ही कोचना त्यांच्यासाठी चुन्याने आखलेल्या चौकटीत ठेवायचं. दुसरं काम जास्त कठीण. कोच मंडळी रेषा ओलांडून आत घुसतात, हातवारे करतात, आपल्या आईबापांची चौकशी करतात.

सरांना मात्र कधी सांगावं लागलं नाही. ठेंगणी मूर्ती, डोक्यावर धुवून धुवून मऊ झालेली पांढरी टोपी, हाफपँटला इस्त्रीची कडक घडी. त्या चौकटीत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचे, रेषेला बूट लागू न देता. मैदानही तसंच होतं म्हणा. एका बाजूला उड्डाणपूल, दुसऱ्या बाजूला मिलच्या जागेवर उठलेले टॉवर, आणि बॉल गाड्यांवर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी उंच जाळी. आत उभं राहिलं की मोकळं काय ते वरचं आभाळ.

तर त्या पाण्याचं सांगत होतो. लीगच्या मोठ्या लोकांना एका वर्षी साक्षात्कार झाला की क्लबांच्या अकादम्यांत पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात आणि मोठ्या संघात त्यांना कुणी विचारत नाही. त्यांनी फर्मान काढलं, सुरुवातीच्या अकरा जणांत आपल्या अकादमीतला, एकोणीस वर्षांखालचा एक तरी पोरगा हवाच. झकास नियम. फक्त त्याला आत किती वेळ ठेवायचा, हे लिहायचं राहून गेलं. आता आपण काय आपल्या लोकांना ओळखत नाही? दुसऱ्या आठवड्यापासून सगळे संघ पोराला उतरवायला लागले आणि नियमाचं पोट भरलं की बाहेर काढायला लागले.

सरांच्या क्लबात त्या पोराची जर्सीसुद्धा ठरलेली होती, सत्तावीस नंबर. मोसम बदलला की आतला पोरगा बदलायचा, जर्सी तीच. मी तर मॅच सुरू व्हायच्या आधीच पाटीवर सत्तावीस लावून ठेवायचो. ऐन वेळी आकडे कुठे फिरवत बसा?

आणि ती वीस मिनिटं तरी कसली? जुन्या खेळाडूंना ठाऊक असायचं की हा आता जाणार. मग त्याला पास कशाला द्या? पोरगा मोकळ्या जागेत धावायचा, हात वर करायचा, तसाच परत यायचा. एकदा एक सत्तावीस नंबर बाहेर आला तेव्हा त्याचे बूट घरून निघाला तसेच स्वच्छ होते. बॉल लागलाच नव्हता त्यांना.

लालबागला सर राहायचे त्या चाळीत हे वाक्य असं पसरलं की कॅरमवर हरून उठणाऱ्यालाही लोक ‘चल, पाणी पी’ म्हणायला लागले. मी घरी हौसेने हा किस्सा सांगितला आणि फसलो. तेव्हापासून माझ्या हातातला रिमोट काढून घेताना बायको म्हणते, पाणी प्या. अजून म्हणते.

बाकीचे कोच पोराला नुसती चुटकी वाजवून बोलवायचे. पाणी देणारे सर एकटेच. तेही साधं नाही, बायकोकडून लिंबू-साखर-मीठ घालून आणलेलं. एकदा मी चिडवलंच त्यांना. म्हटलं, सर, ज्याला बॉल मिळाला नाही त्याला तहान कुठून लागणार?

सर हसले नाहीत. म्हणाले, “तहानेसाठी नाय रे देत, मास्तर. पाणी पिताना मान वर करावी लागते. खाली मान घालून बाहेर येतात ना पोरं, ते बघवत नाय.”

त्यानंतर मी त्यांना चिडवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वाटतं तर खेळवायचं होतं की पोरांना. मीही तेच म्हणायचो, आणि मी काही गोड बोलणारा माणूस नव्हे. पण सकाळचे सर तुम्ही बघायला हवे होते. ह्याच मैदानावर ह्याच क्लबची अकादमी चालायची, आणि तिचे मास्तरही हेच. लालबाग, नायगाव, वरळीची चाळीचाळींतली पोरं, कुणाकडून एक पैसा न घेता. सकाळी सर चौकटीतले नसायचेच. पोरांच्या बरोबरीने धावायचे, पडायचे, मालवणीतून शिव्या द्यायचे. जो पोरगा गप्प उभा राहील त्याच्या अंगावर ओरडायचे, “बॉल माग रे मेल्या. मागितल्याशिवाय कोण देणार तुला?” नव्या पोराला बॉलला लाथ मारायच्या आधी ते ओरडायला शिकवायचे. आणि संध्याकाळी त्याच हाताने बाटली वर धरायचे.

एकदा मॅचनंतर पुलाखालच्या टपरीवर मी त्यांना धरलं. म्हटलं, सकाळी पोरांना मागायला शिकवता, मग क्लबच्या सेक्रेटरीकडे तुम्हीही मागा की. पूर्ण मॅच मागा पोरासाठी. त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून मला सगळं समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. क्लब ज्या शेठच्या जिवावर चालायचा त्यांना वरच्या गटातला संघ हवा होता. संघ खालच्या गटात गेला की शेठ हात काढणार, हे सेक्रेटरीने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. शेठ गेले की पहिली बंद होणार ती अकादमी.

“संघ वर राहिला तर पोरं सकाळी येणार. पोरं संध्याकाळी खेळली तर संघ खाली जाणार. सांग, खयसून सुटू?”

मी म्हटलं, मग सोडून द्या ना सगळं. ते म्हणाले, “मी सोडलं तर दुसरा येतलो. तो पाणीसुद्धा देणार नाय.”

मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

त्यांच्या शेवटच्या मोसमात सत्तावीस नंबर होता प्रणय. वरळीच्या बीडीडी चाळीतला, काडीसारखा, पण बॉल पायात आला की असा सुटायचा की बघणाऱ्याने चहा विसरावा. अगदी लहान असल्यापासून सरांकडे. त्याची आई परळच्याच एका इस्पितळात आया. तिची पाळी सुटायची आणि मॅच सुरू व्हायची, दोन्ही एकाच वेळी. वॉर्ड दुसरीच्या ताब्यात देऊन निघेपर्यंत अर्धा तास जायचा. बाई चप्पल फटफटवत, जवळजवळ धावत यायच्या, जाळीच्या दारातून आत शिरायच्या आणि मैदानात नजर टाकायच्या. पोरगा बाकावर. दर वेळी सर टोपी काढून सांगायचे, आताच आत होता, ताई, बरा खेळला.

तिसऱ्या-चौथ्या वेळी बाई दम खात उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “सर, मला पाळी बदलून नाही मिळत. तुम्हाला वीसच मिनिटं द्यायची असतील तर द्या. पण शेवटची द्या ना.”

सरांनी त्यांना नियम सांगितला. पोरगा सुरुवातीलाच लागतो, शेवटी चालत नाही. बाईंनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला, आणि असा कसा नियम म्हणून विचारलं. सर टोपी हातात फिरवत राहिले. मी पाटीवरचे आकडे उगाच पुसत बसलो.

मोसमाची शेवटची मॅच आली. सरांच्या संघाला वरच्या गटात राहायला बरोबरी पुरेशी होती. हरले तर खाली. आणि प्रणय पुढच्या मोसमात एकोणीस पार करणार होता, म्हणजे नियमाला त्याचा उपयोग संपणार होता आणि नियमाबरोबर क्लबालाही. सत्तावीस नंबर अंगात घालायची त्याची ही शेवटची वेळ, हे त्यालाही माहीत होतं. आईचं तेच ठरलेलं. ती येईपर्यंत पहिला अर्धा भाग संपत आलेला असणार.

वीस मिनिटं झाली. गोल कुणाचाच नाही. मी पाटी घेऊन रेषेजवळ गेलो. मंडपात खुर्चीवर बसलेल्या सेक्रेटरीने नेहमीसारखं मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. पोट सुटलेला गडी जर्सी ओढत तयार झाला. सरांनी बाटली उचलली.

त्यांनी अजून हाक मारलीच नव्हती. मी पाटी वर केली नव्हती. पण पलीकडच्या टोकाला प्रणयने नुसती ती निळी बाटली पाहिली आणि तो खेळता खेळता थांबला. मोजे नीट केले आणि मान खाली घालून आमच्याकडे चालायला लागला. बॉल आत खेळात होता, आणि हा आपला निघाला बाहेर.

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “बघितलंस, मास्तर? हे मी शिकवलं त्याला.”

आणि त्यांनी झाकण काढलं, मान वर केली आणि बाटली स्वतःच्या तोंडाला लावली. गटागटा प्यायले. सेक्रेटरी खुर्चीतून उठला तरी पीत राहिले. सगळी संपवली. पाणी टोपीवर, शर्टावर सांडलं. मग रिकामी बाटली खाली ठेवून ते सकाळच्या आवाजात ओरडले, “खय चाललंस रे मेल्या? बॉल माग.”

प्रणय जागच्या जागी उभा. मग वळला आणि पळाला.

पुढे सेक्रेटरी येऊन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. सरांनी त्याच्याकडे पाठ केली आणि चौकटीत चालत राहिले. हळूहळू आतल्या जुन्या खेळाडूंच्याही लक्षात आलं की हा आज जात नाही, आणि पोराला पास यायला लागले. त्याने काही चमत्कार केला नाही. दोन-तीनदा छान सुटला, एकदा नको तिथे बॉल घालवला, पडला, उठला. जाळीच्या दारातून त्याची आई आली तेव्हा सवयीने तिने आधी बाकाकडे पाहिलं. तिथे तो नव्हता. मग ती मैदानात शोधायला लागली. सापडल्यावर बसली नाही. जाळीत बोटं अडकवून उभीच राहिली, मॅच संपेपर्यंत.

सरांचा संघ हरला. शेवटाकडे एका जुन्या खेळाडूच्या पायातून बॉल निसटला आणि गोल झाला. प्रणयचा त्यात काही संबंध नव्हता, पण पराभवाला कुणीतरी लागतं.

सेक्रेटरी बोलला होता ते सगळं झालं. संघ खाली गेला, शेठनी हात काढला, अकादमी बंद पडली. आता त्या मैदानावर आजूबाजूच्या ऑफिसांतले लोक तासाच्या बोलीने खेळायला येतात. नायगावच्या एका पोराचा बाप मला रस्त्यात भेटला, म्हणाला, एका पोरासाठी सरांनी आमच्या सगळ्यांच्या पोरांना बुडवलं. मी एरवी भांडलो असतो. पण त्याचा मुलगा शेजारी उभा होता, पायात अकादमीचेच मोजे. सर लालबागची खोली भाड्याने देऊन कुडाळकडे गेले. फोन लागत नाही. प्रणय एका जिममध्ये कामाला आहे आणि रविवारी खालच्या गटातल्या कुठल्याशा संघातून खेळतो. त्या मॅचला मी पंच असलो की त्याचं ओरडणं मला दुसऱ्या टोकाला ऐकू येतं.

सर बरोबर होते की चूक, मला विचारू नका. मी लाइनीबाहेरचा बॉल सांगू शकतो. पण त्यांची फार आठवण येते, आणि आठवतात ते बाटली वर धरलेले सर नाहीत.

त्या दिवशी शेवटची शिट्टी झाली तेव्हा मोठे खेळाडू गवतावर आडवे पडले होते आणि प्रणय चालत आमच्याकडे आला. गुडघा सोललेला, जर्सी अंगाला चिकटलेली, ओठ कोरडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सत्तावीस नंबराला खरी तहान लागली होती. त्याने हात पुढे केला.

“सर, पाणी.”

सरांनी बाटली उचलली. रिकामी होती. उलटी करून हलवली, थेंब नाही. आणि मग तो माणूस, ज्याला मी कधी रेषेला बूट लावताना पाहिलं नव्हतं, चौकट ओलांडून धावत सुटला. आमच्या टेबलाशी, मंडपात सेक्रेटरीपाशी, समोरच्या जिंकलेल्या संघाच्या बाकापर्यंत, ज्याच्या त्याच्यापुढे बाटली धरत.

“पाणी द्या रे कोणी. पोरगा पूर्ण मॅच खेळलाय.”