मामींना आडवं चालायला लावणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी पूर्वतयारीशिवाय केलेली गोष्ट आयुष्यात एकच, ती म्हणजे जन्म घेणं. आणि त्याबद्दलही त्यांच्या मनात जरा नाराजीच आहे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, सेफ्टी सुटली नाही. कुणाच्या लग्नाला गेले की अक्षता घेण्याआधी हॉलचा मागचा दरवाजा उघडतो का ते बघून येतात, आणि त्याला कुलूप दिसलं तर मॅनेजरला वऱ्हाडासमोर झापतात. घरचा गणपती विसर्जनाला निघायच्या आदल्या दिवशी पाटावर पिठाचा डबा ठेवून तो जिन्यावरून खाली नेण्याची रंगीत तालीम होते. एका वर्षी डबा मधेच सुटला. जिनाभर पीठ झालं, खालच्या वहिनी नको ते बोलल्या, आणि मामा पांढऱ्याफटक मिशांनी समाधानाने म्हणाले, "बघा, उद्याचा बाप्पा आज वाचला."

अशा माणसाला आपल्याकडे गाडी कशी शिकवतात हे पाहून काय होत असेल? कळंबोली सर्कलला ट्रेलर, कंटेनर, टँकर सगळ्या बाजूंनी अंगावर येत असतात, आणि त्यांच्या मधोमध छपरावर पाटी लावलेली एक छोटी गाडी गचके खाऊन बंद पडते. आत स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखी बसलेली कुणीतरी बाई, मागे हॉर्नचा गदारोळ, आणि शेजारी मोबाइल बघत बसलेला शिकवणारा. मला मनापासून विचारायचंय, की तलावात पोहायला शिकवणारासुद्धा आधी काठाला धरून पाय मारायला लावतो, मग रस्त्यानेच काय घोडं मारलंय? मी हे मनात विचारतो. मामा तोंडावर विचारतात. एकदा पनवेलात पाटीवाली गाडी चहाच्या टपरीशी थांबलेली पाहून ते थेट खिडकीपाशीच गेले. "ॲसिडचा व्हॉल्व्ह आम्ही भरल्या टाकीवर शिकवायचो का रे? आधी रिकामी टाकी, मग पाण्याची, मग कुठे ॲसिड. तुम्ही पहिल्याच दिवशी माणूस ॲसिडात बुडवता." शिकवणारा शांतपणे चहा पीत म्हणाला, "काका, मैदानात शिकून भीती जात नाय. मैदानात आडवं कोण येतंय?"

पुढच्या रविवारी मामांनी मामींना आडवं आणलं.

उलव्याला त्यांच्या ओळखीच्या एका बिल्डरचा मोठा सपाट प्लॉट होता, परवानग्या अडकल्यामुळे मोकळा पडलेला. तिथे मामांनी मैदानावर टाकतात त्या पांढऱ्या फक्कीने रस्ते आखले होते. फुटक्या कुंड्या म्हणजे रिक्षा, सिमेंटचं रिकामं पिंप म्हणजे बसलेली म्हैस. अर्धा गोतावळा त्या प्लॉटवर गाडी शिकला. म्हशीला धक्का लागेनासा झाल्याशिवाय कुणालाही रस्ता दिसत नसे. त्यात आता भाजीची पिशवी घेऊन, कानाला फोन लावून, इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडणाऱ्या मामींची भर पडली. गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत असे आणि हँडब्रेकवर मामांचा हात असे, तरी मामी बिचाऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्याच. "बघू नकोस," मामा आतून ओरडायचे, "रस्त्यावर कुणी बघतं का?" मामी फोन तसाच कानाला ठेवून म्हणायच्या, "आधी माझा विमा उतरवलाय का ते सांगा. सप्तपदीच्या वेळी हे माहीत असतं तर तिथेच थांबले असते."

आम्ही गाडी घेतली तेव्हा शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, मामांकडेच शिकायचं ठरवलं. त्याला कारण होतं. रोडपालीच्या आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी नव्या गाडीची पूजा करून चाकांखाली लिंबं ठेवली आणि मालकानेच गाडी पुढे घ्यायची म्हणून, येत नसतानाही, स्वतः घेतली. लिंबं चिरडली, पुढची वॉचमनची खुर्चीही चिरडली. वॉचमन पाणी प्यायला उठला होता म्हणून नुसत्या खुर्चीवर निभावलं. लोक हसले आणि त्यांनी पेढे खाल्ले. या हसण्याचा मला अजून राग येतो.

पण मीही त्यातलाच निघालो. शुभा कितीतरी रविवार कुंड्यांभोवती फिरत राहिली. सोसायटीत मला विचारायला लागले, वहिनी उलव्याला शेती करतात का? मला लाज वाटू लागली. ऑफिसजवळच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी तिचं नाव घातलं, मामांना न सांगता. आठवड्यात हातात गाडी, असं त्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी तिला कळंबोली सर्कलला नेलं. मधोमध गाडी बंद पडली, मागून कंटेनरने हॉर्न धरून ठेवला, आणि शिकवणाऱ्याने सगळ्यांदेखत तिला खाली उतरवून स्वतः गाडी काढली. घरी येऊन तिने आमच्या गाडीची तिच्याकडची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात टाकली आणि पुन्हा काढली नाही.

मामांना मी सांगितलं, हिचे गुडघे दुखतात. शुभाने माझी लाज राखली, गप्प राहिली. मामा तिच्यासाठी तेलाच्या बाटल्या आणत राहिले आणि मामींना सांगत राहिले, की आपल्या शिकवण्यातच काहीतरी कमी पडलं. सगळ्या जगाला झापणारा हा माणूस स्वतःला दोष देत होता, आणि मी त्यांच्यासमोर बसून पोहे खात होतो.

मग प्लॉटच्या परवानग्या आल्या. मामांचा फोन आला, की कुंपणाचे पत्रे लागायला सुरुवात झालीय, रविवारी शेवटचं मैदान. शुभाचे गुडघे बरे असतील तर आणा. मी एकटाच गेलो. ते कुंड्या गोळा करत होते. मी सगळं सांगून टाकलं. आता ते मला झापणार, अशी माझी तयारी होती. मामा पिंपावर बसले. त्यांनी हातावरची फक्की झटकली.

"सर्कलला? पहिल्याच दिवशी?" ते म्हणाले. "फार घाबरली असेल हो पोर." आणि उठून एक कुंडी उचलत, "जावईबापू, किल्ली घेऊन तिला आणा. कुंड्या मी परत मांडतो."

शुभा यायला तयार नव्हती. मामींनी फोनवर सांगितलं, "अगं ये, मी पिशवी घेऊन उन्हात उभी आहे." मग ती आली. अर्धा प्लॉट पत्र्यांनी बंद झाला होता. उरलेल्या अर्ध्यात ती हळूहळू फिरली, एक रिक्षा पाडली, म्हैस वाचवली. मामी न बघता आडव्या आल्या, या वेळी खरोखर न बघता, आणि गाडी त्यांच्यापासून चांगली लांब थांबली. मामांना हँडब्रेकला हात लावावा लागला नाही. ते खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत होते.

पुढे बऱ्याच रविवारांनी ती रस्त्यावर आली, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यापासून सुरुवात करून. आता त्या प्लॉटच्या जागी बारा मजले उभे आहेत. नवं शिकणाऱ्यांनी कुठे जायचं, हे मामा भेटेल त्याला विचारतात, आणि कुणाकडे उत्तर नाही. आम्ही उलव्याला जातो तेव्हा गाडी शुभा चालवते. त्या इमारतीसमोर आली की ती वेग कमी करते. समोर कुणी नसतं. तरी ती क्षणभर थांबल्यासारखी होते, भाजीची पिशवी घेतलेल्या बाईला पलीकडे जाऊ देते, आणि मग गाडी पुढे काढते.