मेणकागदातला पत्रा

हालवोर त्वाइत तीस वर्षं ओस्लोमधल्या आमच्या प्रयोगशाळेत कणांना वेग देणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, चालवत होता. तो कणांचा झोत द्यायचा. आम्ही तो पातळ पत्र्यावर मारायचो आणि खवळलेली अणुकेंद्रकं शांत होताना जे गॅमा किरण टाकतात ते मोजायचो. त्यावरून केंद्रकात ऊर्जेच्या पायऱ्या किती दाट आहेत ते कळतं. पण झोतच नसेल तर मोजणार काय, कपाळ?

तो आठवडा आमच्या संशोधक विद्यार्थिनीचा, सुनिव्हाचा होता. तिच्या प्रबंधातलं शेवटचं मोजमाप. शुक्रवारी चारला यंत्र वर्षभरासाठी बंद होणार होतं, आणि हालवोर निवृत्त.

सोमवारी झोत आला नाही. मंगळवारी आला आणि पळाला. हालवोर आपला यंत्राला कान लावून उभा.

"रुसलंय. जरा थांबा."

"तीस वर्षं हेच ऐकतोय आम्ही!" मी खेकसलो.

शुक्रवारी सकाळी पत्र्याची चौकट वाकली. तसा दुसरा पत्रा देशात नव्हता. हालवोरने तो काढला, पावाच्या कापांमध्ये घालतात त्या मेणकागदाच्या दोन चौकोनांत टेबलावर ठेवला आणि चौकट सरळ करायला गेला. साडेअकराला त्याच टेबलावर मी चरफडत जेवलो.

एक वाजता झोत आला, दगडासारखा स्थिर. पत्रा मात्र गायब. आम्ही कचऱ्याचे डबे उलटे केले.

"डबा बांधायच्या कागदात ठेवतं का कुणी? अक्कल गहाण टाकलीस काय?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. हालवोर मान खाली घालून शोधत राहिला. सुनिव्हा तोच कप पुन्हा पुन्हा धूत होती. चारला हालवोरनेच बटण बंद केलं.

शनिवारी मी डबा घासायला काढला. जेवण झालं की आम्ही सगळेच कागद घडी करून डब्यात परत ठेवतो, पुन्हा वापरायला. घडी उलगडली. आत पत्रा होता, तपकिरी चीजचा डाग पडलेला. काल सगळी प्रयोगशाळा पालथी घातली, पण स्वतःचा डबा मी उघडलाच नव्हता. दोषी सापडला होता ना!

हालवोरला फोन करून सांगितलं.

"मीच हरवला असं सांगून टाकलंय तिला," तो म्हणाला. "राहू दे तसंच. मी चाललो, तुला तिच्याबरोबर काम करायचंय."

शरमेने माझे कान तापले. फोन ठेवला आणि सुनिव्हाचा नंबर लावला.