समासात ‘का?’ दिसला की परिच्छेद गायब

शिरूरच्या कॉलेजात एम.ए. इंग्रजीच्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवते. गाइडनं प्रबंधावर शेरा मारला, तर त्याला उत्तर कसं द्यायचं. सोपं वाटतं ना? या, एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघा! किस्से गोळा करावे लागत नाहीत, दर तासाला एक पायात येतो.

*

दत्ता कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करून शिकतो. गाइडनं समासात लिहिलं, ‘का?’ यानं अख्खा परिच्छेदच उडवला.

“अरे बाबा, त्यांनी कारण विचारलंय!”

“मॅडम, कंपनीत सुपरवायझर ‘का?’ म्हणला, म्हंजी ते काम बंद करायचं असतं.”

असं प्रत्येक शेऱ्याला करत ऐंशी पानांचा प्रबंध पस्तिसावर आला. अजून दोनदा तपासला तर नुसतं कव्हर उरेल!

*

मग मी वर्गाकडून एक वाक्य घोकून घेतलं, ‘आय रिस्पेक्टफुली डिसॲग्री.’ पटलं नाही तर नम्रपणे सांगा, घाबरू नका.

दोन दिवसांनी गाइडचा फोन. “मॅडम, मी दत्ताला मेल केला, सोमवारपर्यंत प्रबंध दे. तो म्हणतो, रिस्पेक्टफुली डिसॲग्री!”

कपाळावर हात मारून घेतला मी.

*

मनीषा मांडवगण फराट्याची. तिची आई झेंडू-शेवंतीच्या तोडणीला जाते. फूल कधी तोडायचं, कधी थांबायचं, यासाठी तोडणीच्या बायकांचे जे शब्द आहेत, त्यावर मनीषाचा प्रबंध. सगळे शब्द आईच्या तोंडचे.

एका पानावर गाइडनं ‘गुड’ लिहिलं. तिनं ते पानच काढून टाकलं!

“अगं, कौतुक केलंय त्यांनी!”

“पण मॅडम, लाल पेनानं केलंय.”

*

पुढच्या शेऱ्यानं मात्र मलाही धडकी भरली. आईच्या शब्दांच्या प्रकरणावर लिहिलं होतं, ‘सोर्स? नसेल तर वगळा.’ तेवढं गेलं की प्रबंधात राहतं काय? आणि नापास झाली तर घरचे आणखी एक वर्ष शिकवणार नव्हते.

“हे प्रकरण काढलंस तर माझ्या वर्गात पाऊल टाकू नकोस!” मी ओरडलेच.

मग व्हायव्हाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, रोज सराव. मी परीक्षक, ती समोर.

“तुझं नाव काय?”

“सॉरी मॅडम!”

तीन आठवडे हेच चाललं. जीव नकोसा झाला.

*

व्हायव्हाचा दिवस. पोरगी घाबरलेली, म्हणून आई एसटीनं सोबत आलेली. ती बाहेर बाकावर, मी आत मागच्या खुर्चीत.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. इंग्रजीत विचारलं, “हे शब्द कुठल्या पुस्तकात आहेत?”

मनीषानं मान खाली घातली. आता ‘सॉरी’ येणार! मी डोळेच मिटून घेतले.

“नॉट इन एनी बुक, सर. दॅट इज व्हाय आय रोट इट.”

आवाज कापला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले, तर मनीषा दारात उभी.

“आये, चपला राहू दे पायात, आत ये. सर सोर्स मागत्यात.”