दार असलेला खोपा

शहागडच्या आमच्या शिवारात बेबीनंदा आक्काला न ओळखणारा माणूस सापडायचा न्हाई. वय साठीच्या घरात, हातात कोयता, अन् जीभ त्याच्याहून धारदार. चाळीस वर्षं उसात काम करून राह्यली. उंदराचं कुठलं बीळ जितं अन् कुठलं रिकामं, हे ती नुसत्या मातीवरून सांगते. अशी बाई न्हाई बघितली मी!

या पौषात माझा ऊस तोडणीला आल्ता. टोळीवाले म्हणले, उभ्या उसाचं पाचट पेटवून द्या, काम जल्दी होईल. कडेच्या चार सऱ्यांत पानांचे गोल गोल खोपे लटकलेले. उसात चढणारा लहान उंदीर असलेच करतो. म्हणलं, जळू द्या की, ब्याद गेली! काडीपेटी काढली तर आक्का आडवी.

"कल्याण, डोळे हायेत का बटनं?"

तिनं एक खोपा काढून माझ्या हातावर ठेवला. "हा उंदराचा. पानं कुरतडून भुगा केलाय, अन् दार बिलकुल न्हाई. आत शिरला की बुजवून घेतो." मंग मला ओणवं करून शेजारचा दाखवला, हात न लावता. पानांच्या लांब पट्ट्या बराबर विणलेल्या, बाजूला बोटभर दार, आत चार पिल्लं चोची वासून. "ही हिरवी मुनिया. मागं पाखरांचे फोटो काढणारे आल्ते ना, ते म्हणले, ही पाखरं जगातून संपून राह्यली. उंदराचं काय, एक मेला तर महिन्यात दहा!"

"अन् टोळी निघून गेली तर? परत कवा येणार ती?" मी चिडलोच.

"तिला बाकीचा ऊस तोडू दे, न जाळता. ह्या चार सऱ्या पिल्लं उडाल्यावर मी तोडते."

अन् तोडल्या की! वीस दिवसांनी, एकटीनं, भर उन्हात. आपल्याच्यानं झालं नसतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर एकदम आठवलं. मागल्या साली याच वावराला मी काडी लावल्ती. खोपे तवाबी होते.

"आक्का, ते उंदराचेच असतील ना?"

तिनं पाणी पिलं, तांब्या माझ्या हातात दिला.

"तुला कुठं ठावं होतं, बाबा," म्हणली.