साडूंचे एकशे अडतीस

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला न बोलावता हजर होणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. आमचं लग्न झालं तेव्हा बायकोनं एवढंच सांगितलं होतं, की अक्काचे यजमान जरा जास्त सरळ आहेत. जरा! एकदा कोठी भागातल्या सिग्नलला त्यांची स्कूटर लाल दिव्यात हातभर पुढे गेली. कुणीही पाहिलं नव्हतं. हे गृहस्थ गाडी कडेला लावून पोलिसाला शोधत गेले आणि दंड घ्या म्हणाले. पोलीस हात जोडून म्हणाला, "जाव ना अंकल, कायकू परेशान करते!" साडू घरी आले ते सुतकी चेहऱ्यानं. असा माणूस सरकारी खात्यात जेवढा वर जायचा तेवढाच गेला. इथल्या मराठी मंडळाच्या दर सत्काराला अक्का मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या नवऱ्यांसाठी टाळ्या वाजवायची.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे एका जुन्या मित्राच्या नादानं शहराबाहेरच्या मैदानावर जाऊन गोल्फ खेळू लागले. नारायणगुड्यातला, रोज ज्वारीची भाकरी खाणारा माणूस आणि गोल्फ! मी पुण्याहून इथं नोकरीला आलेला, कुकटपल्लीतल्या कचेरीत दिवसभर या खेळाच्या गप्पा ऐकणारा, पण मीही हबकलो. त्यात त्यांना समजावून सांगण्याची भारी हौस. बारशाच्या पंगतीत ताटातली भजी मांडून सुरू व्हायचे. "प्रत्येक होलला, म्हणजे चेंडू एकदाचा भोकात घालायला, शहाण्या माणसाला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं. तो पार. समजा पार चार आहे. तीनात गेला तर बर्डी, दोनात गेला तर ईगल. पाच लागले की बोगी, सहाला डबल बोगी. त्याच्यापुढं माझा मुलुख सुरू होतो." असे अठरा होल, सगळ्यांचे फटके मिळवायचे, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. चेंडू तळ्यात पडला तर वर एक दंडाचा. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी काठी फिरवली, चेंडू जागचा हलला नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं. साडू म्हणाले, "एक." पुन्हा फिरवली. चेंडू ढिम्म. "दोन." मी म्हटलं, "दादा, लागला कुठं?" तर म्हणाले, "मारायचा इरादा होता न माझा? मंग मोजायचाच."

गेल्या वर्षी नवशिक्यांची स्पर्धा झाली. घरी आल्यावर अक्कानं विचारलं, किती झाले? हे म्हणाले, एकशे अडतीस. बाकीच्यांचे? कुणाचे नव्वद, कुणाचे शंभर. खरं तर हे शेवटून पहिले. पण सवयीप्रमाणे त्यांनी पार म्हणजे काय इथपासून सुरुवात केली आणि ते बोगीपर्यंत पोचेतो अक्कानं मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावलासुद्धा होता.

आणि मंडळानं सत्कार ठेवला! शाल, श्रीफळ, सगळं. साडू भाषणाला उभे राहिले तेव्हा मला कळून चुकलं, की हा माणूस आता खरं सांगणार आणि अक्काची सगळ्यांसमोर शोभा होणार. "मी एकशे अडतीस फटके घेतले," ते म्हणाले. टाळ्या. "बाकीच्यांचं नव्वद-शंभरातच आटोपलं." टाळ्यांचा कडकडाट. "तुमचा गैरसमज होतोय. या खेळात ज्याचे फटके..." आणि त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. तिथं अक्का बसली होती. पैठणी नेसलेली, पदरानं डोळे टिपणारी. साडू थांबले, नमस्कार केला आणि खाली बसले. मी थक्क झालो. या माणसाला खरं वाक्य अर्ध्यावर सोडताना मी प्रथमच पाहत होतो.

मग वर्षभर त्यांनी घाम गाळला. शंभराच्या आत यायचं हे प्रत्येक नवशिक्याचं स्वप्न असतं, ते त्यांचंही होतं, झोपेतसुद्धा हात फिरायचे म्हणे. यंदाच्या स्पर्धेला मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. शेवटच्या होलला चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर आला, तोवर अठ्ठ्याण्णव झाले होते. हा एक फटका आत गेला की नव्व्याण्णव, स्वप्न पुरं! साडूंनी नेम धरला आणि चेंडू हलकेच भोकाच्या बाजूनं पलीकडे ढकलला.

"नव्व्याण्णव," ते म्हणाले. मग पलीकडून अलीकडे. "शंभर."

"दादा! अहो, हे काय करताय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"ती वाट पाहत असंल घरी. औंदा कमी झाले म्हणून कसं सांगू तिला?"

"पण हे खोटं नाही का?"

"मोजायला लागलो न एकेक? खोटं लिहिणार नाही मी."

बरोबरचे खेळाडू आधी हसले, मग कंटाळून बाकावर जाऊन बसले. साडू भर उन्हात वाकून चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत राहिले, प्रत्येक फटका मोठ्यानं मोजत. कंबर धरायची, तेव्हा जरा थांबायचे. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी त्यांची पिशवी आवरत बसलो. एकशे एकोणचाळिसाव्या फटक्याला त्यांनी चेंडू आत घातला, घाम पुसला आणि अक्काला फोन लावला.

"एकानं वाढले," ते म्हणाले.

पलीकडून अक्का काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. साडू मात्र नव्या नवऱ्यासारखे लाजले.